डिस्कवरची तुकडेबंदी

(अकादमीच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आज पहाटे बेळगावहून निघालो आणि चोर्ला घाट उतरून आपल्यापर्यंत पोहोचलो. महिन्याभरापूर्वी अकादमीतून फोन आला आणि व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, "डिस्कवरच्या जागेचे वाटप." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग अगदी नम्रपणे विचारणा झाली, "सर, याचा भाषेशी काही संबंध लावता येईल ना?" मी म्हणालो, "संबंध लावावा लागणार नाही, तो आहेच. माझ्या हातून काही पाने गेली आहेत. ती का गेली, तेवढेच सांगायला येतो."

मी साहित्यिक नव्हे. बत्तीस वर्षे एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत काम केले. निवृत्त झाल्यावर आमच्या भागातल्या एका जुन्या मराठी ग्रंथालयाने बोलावले. तिथे जुनी नियतकालिके, संस्थांची इतिवृत्ते, लोकांच्या घरांतून आलेल्या हस्तलिखित वह्या स्कॅन करून जतन करण्याचे काम २०१६ साली सुरू केले. दोन स्कॅनर, एक संगणक आणि एक टेराबाइटची बाहेरून जोडायची डिस्क, एवढा आमचा संसार. सीमाभागातल्या मराठी संस्थेला यापेक्षा जास्त काही जमवायचे तर पाच ठिकाणी अर्ज करावे लागतात, हे तुम्हांला सांगायला नको.

विषयाकडे येण्यापूर्वी थोडे माझ्या वडिलांविषयी सांगतो. ते तलाठी होते. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे त्यांचे सारे दप्तर मराठी वळणाचे. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार, सात-बारा म्हणजे जमिनीचा उतारा, आठ-अ म्हणजे खातेदाराचा उतारा, हे शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीसारखे वावरत. आता कागद कन्नडमध्ये निघतो आणि त्याला पहाणी म्हणतात. पण बांधावरचा माणूस अजून 'उतारा'च मागतो. तुमच्याकडे एक-चौदाचा उतारा असतो. नाव निराळे, काम तेच.

त्या काळी वडिलांच्या तोंडी एक शब्द नेहमी असे: तुकडेबंदी. मुंबई प्रांताने १९४७ साली जमिनीचे तुकडे पाडण्याला प्रतिबंध करणारा आणि विखुरलेल्या जमिनी एकत्र करण्याविषयीचा कायदा केला. कारण साधे होते. चार भावांत वाटणी झाली की प्रत्येक शेताचे चार तुकडे. पुढच्या पिढीत सोळा. एका खातेदाराचे एकूण क्षेत्र भरते पाच एकर, पण ते सात ठिकाणी. नांगर आणि बैल घेऊन या तुकड्यावरून त्या तुकड्यावर जाण्यातच दिवस संपायचा. जमीन कमी झालेली नसते, चालणे वाढलेले असते.

मंडळी, डिस्कवर हेच होते, अगदी हेच. म्हणून मी पुढे जे सांगणार आहे त्यासाठी इंग्रजी शब्दांची मला फारशी गरज पडणार नाही. वडिलांचे दप्तर पुरेसे आहे.

फिरत्या तबकड्यांची डिस्क ही एक मोठी शेतजमीन समजा. तिच्यावर आधीपासूनच सारख्या मापाच्या चौकटी आखलेल्या असतात. आमच्या डिस्कवर एका चौकटीचे माप होते १२८ किलोबाइट. रंगीत स्कॅन केलेले एक पान साधारण २५ मेगाबाइटचे, म्हणजे त्याला २०० चौकटी लागत. आता या २०० चौकटी कोणत्या द्यायच्या, हे ठरवणारा एक कारभारी असतो. त्याला फाइल सिस्टीम म्हणतात. त्याच्याकडे तीन प्रकारचे दप्तर असते. पहिले, कोणती चौकट मोकळी आणि कोणती भरलेली याचा तक्ता. दुसरे, कोणत्या फाइलीच्या नावावर कोणत्या चौकटी आहेत याची नोंद. हा तिचा आठ-अ. तिसरे दप्तर सगळ्यांकडे नसते, चांगल्या कारभाऱ्याकडे असते: बदल करण्याआधी तो बदल लिहून ठेवायची वही. हा झाला फेरफार. अर्ध्यात वीज गेली तर फेरफार पाहून काम पुरे करता येते किंवा रद्द करता येते.

फाइलीला २०० चौकटी ओळीने मिळाल्या तर काम सोपे. वाचणारा दांडा एकदा जागेवर जातो आणि तबकडी फिरत असताना सलग वाचत सुटतो. पण चौकटी विखुरलेल्या असतील तर प्रत्येक तुकड्यासाठी दांडा हलवावा लागतो आणि तबकडी फिरून ती जागा खाली येईपर्यंत थांबावे लागते. मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ११ मिलिसेकंदांची. सरासरी अर्धी फेरी वाट पाहायची, म्हणजे साडेपाच. दांडा हलायला साधारण १२ धरा. एका उडीला झाले साडेसतरा मिलिसेकंद. २५ मेगाबाइटचे सलग पान सेकंदाला १०० मेगाबाइटच्या वेगाने पाव सेकंदात वाचून होते. तेच पान २०० ठिकाणी विखुरलेले असेल तर नुसत्या उड्यांनाच साडेतीन सेकंद. माहिती तेवढीच, वेळ पंधरापट. नांगर आणि बैल घेऊन सात तुकडे फिरणारा शेतकरी तो हाच.

वेग कमी झाला तर माणूस चिडतो, चहा घेऊन येतो, पुन्हा बसतो. तेवढ्यासाठी मी घाट उतरून आलो नसतो. आमचे नुकसान वेगाचे नव्हते.

सुरुवातीच्या वर्षी डिस्क रिकामी होती. पान आले की लागोपाठ २०० चौकटी घेऊन बसत होते. त्याच वर्षी निपाणीच्या बाजूला दूधगंगेकाठच्या एका गावातून एक बाई आल्या. त्यांच्या सासूबाईंनी आयुष्यभर जात्यावर म्हटलेल्या ओव्या, सुनेला आणि नातींना सांगून, एका जाड वहीत उतरवून घेतल्या होत्या. १३१ पाने. आम्ही ती स्कॅन केली, वही परत दिली. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, त्यांना माळ्यावर दुसरी वही सापडली. ८१ पाने. तीही आणून दिली, तीही स्कॅन झाली, तीही परत गेली.

दरम्यानच्या दोन वर्षांत डिस्क भरत आली होती. २५ मेगाबाइटची चाळीस हजार पाने झाली की एक टेराबाइट संपते. आमची राखाडी पाने ८ मेगाबाइटची असत, म्हणून थोडे जास्त दिवस निभावले. जागा संपत आली तेव्हा मीच सांगितले, धूसर आलेली आणि दोनदा स्कॅन झालेली राखाडी पाने शोधून पुसा. मुलांनी इमाने इतबारे पुसली. रोज थोडी जागा मोकळी व्हायची, रोज ती भरायची. आकड्यात जागा दिसत होती. पण ती कशी होती? इथे आठ मेगाबाइट, तिथे आठ मेगाबाइट. वरून दोन्ही स्कॅनर एकाच वेळी त्याच डिस्कवर लिहीत. एक पान अर्धे उतरते तोच दुसऱ्या पानाने पुढची चौकट धरलेली. दुसऱ्या वहीचे एकही पान सलग बसले नाही. कुणाचे चार तुकडे, कुणाचे दहा. आम्हांला ते कळण्याचे काही कारण नव्हते. पान उघडले की दिसत होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या जिल्ह्यात महापूर आला. त्या बाईंच्या घरात छताला टेकेल इतके पाणी होते. दोन्ही वह्या गेल्या. त्यांनी फोन केला तेव्हा घराविषयी कमी आणि वह्यांविषयी जास्त बोलल्या. मी मोठ्या आवाजात म्हणालो, "वहिनी, काळजी करू नका. दोन्ही वह्या आमच्याकडे आहेत."

डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी मला शेवटची बस गाठायची होती. संगणक बंद होण्याची वाट न पाहता मी डिस्कची वायर ओढली. दुसऱ्या दिवशी जोडली तर पडद्यावर प्रश्न: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? मागे दोन जण काहीतरी विचारत होते, मी त्यांच्याशी बोलत होतो, आणि बोलता बोलता मी 'हो' दाबले. बत्तीस वर्षे मुलांना मी हेच करू नका म्हणून सांगत आलो. दुसरी प्रत नव्हती. पुढच्या वर्षीच्या अनुदानात दुसरी डिस्क घेऊ, असे इतिवृत्तात लिहिलेले आहे. लिहिणाराही मीच.

आता इथे वाटपाचा प्रश्न वेगाचा राहत नाही, जगण्या-मरण्याचा होतो. आमच्या डिस्कवरचा कारभारी एक्सफॅट नावाचा होता. तो साधा आहे, सगळीकडे चालतो, पण त्याच्याकडे फेरफाराची वही नाही. त्याची एक रीत मोठी मार्मिक आहे. फाइल सलग बसली असेल तर तो तिच्या नोंदीत फक्त एवढेच लिहितो: सुरुवात अमुक चौकटीपासून, लांबी अमुक, आणि एक खूण की ही सलग आहे. फाइल तुटक असेल तर मात्र पुढची चौकट कोणती, तिच्या पुढची कोणती, ही साखळी एका वेगळ्या तक्त्यात ठेवतो. माझ्या त्या एका 'हो'ने तो तक्ता कोरा झाला. आतल्या फोल्डरांतल्या नोंदींचे अवशेष मात्र शिल्लक होते. म्हणजे प्रत्येक फाइल कुठे सुरू होते आणि किती लांब आहे हे समजत होते. तुटली असेल तर पुढे कुठे गेली, हे समजत नव्हते.

मी आधी साऱ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवली आणि मूळ डिस्क कपाटात ठेवली. मग नकलेवर काम सुरू केले. पहिल्या वहीची १३१ च्या १३१ पाने एका दुपारी परत आली. मला वाटले, वाचलो. मग दुसरी वही उघडली. पहिल्या पानावर वरचा तिसरा हिस्सा आजींच्या ओव्यांचा, त्याच्याखाली कुठल्याशा सहकारी संस्थेचा जमाखर्च, त्याच्याखाली नुसती राखाडी रेघ. दुसरे पान तसेच. ८१ पाने तशीच.

पहिली वही आधी आली म्हणून वाचली, दुसरी नंतर आली म्हणून तुटली. दोघींतला फरक आजींच्या अक्षरात नव्हता, कागदात नव्हता. आल्या त्या दिवशी डिस्कवर सलग जागा होती की नव्हती, एवढाच होता.

तेव्हापासून हा विषय मी पुन्हा मुळापासून वाचायला घेतला. जागा वाटायची तर कशी वाटायची, यावर साठ वर्षे शहाण्या माणसांनी डोके चालवले आहे. त्यातले तीन-चार विचार तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न: अनेक मोकळ्या जागा असतील तर फाइल कुठे बसवायची? समजा ३०, ९, २६ आणि १२ अशा चार जागा मोकळ्या आहेत आणि २५ ची फाइल आली. एक रीत म्हणते, ओळीने बघत जा, जी पहिली पुरेल ती दे. म्हणजे ३० दिली, ५ उरले. दुसरी रीत म्हणते, सगळ्या बघ आणि सगळ्यांत नेमकी बसेल ती दे. म्हणजे २६ दिली, १ उरला. दुसरी काटकसरीची वाटते. पुढे २८ ची फाइल आली तर तिचा फायदाही दिसतो, कारण ३० ची जागा अजून शाबूत आहे. पहिल्या रीतीत ती मोडलेली आहे. पण दुसऱ्या रीतीचा तोटा हळूहळू कळतो. प्रत्येक वाटपानंतर एक, दोन असे चिंधीएवढे तुकडे उरत जातात आणि ते कधीच कुणाला पुरत नाहीत. वडील अशा जमिनीला बांधाकडेची पडीक म्हणत. सर्व काळी चांगली अशी एकही रीत नाही. पुढे कोणत्या मापाच्या फायली येणार आहेत, यावर ते अवलंबून असते.

दुसरा विचार कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचा. मॅक्युसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री या चौघांनी १९८४ मध्ये युनिक्ससाठी केलेल्या वेगवान फाइल सिस्टीमवर एक निबंध प्रसिद्ध केला. जुन्या व्यवस्थेत मोकळ्या चौकटींची एकच यादी असे. सुरुवातीला ती क्रमाने लावलेली. पण फायली होत गेल्या, पुसल्या गेल्या, तशी यादी पत्ते पिसल्यासारखी झाली. त्यांनी दिलेला आकडा लक्षात राहण्यासारखा आहे: नव्या डिस्कवर सेकंदाला १७५ किलोबाइटपर्यंत जाणारा वेग काही आठवड्यांच्या बेताच्या वापरानंतर ३० वर आला. डिस्क झिजली नव्हती. यादी विस्कटली होती.

त्यांनी तीन गोष्टी केल्या. चौकटीचे माप मोठे केले, आणि लहान फाइलीने मोठी चौकट अडवून ठेवू नये म्हणून तिचे पोटहिस्से करण्याची सोय ठेवली. यादीऐवजी तक्ता आणला, म्हणजे शेजारची चौकट मोकळी आहे का हे एका नजरेत कळते. आणि साऱ्या डिस्कची वाड्या-वस्त्यांत विभागणी केली; एका फोल्डरातल्या फायली शक्यतो एकाच वाडीत, आणि त्यांचे उतारेही त्याच वाडीच्या चावडीत. हे सारे टिकावे म्हणून एक नियमही घातला: दहा टक्के जागा नेहमी मोकळी ठेवायची. ती वाया गेलेली नसते. कारभाऱ्याला निवड करता यावी म्हणून ती असते. शेवटच्या चार चौकटी उरल्या की कुठलीच रीत उपयोगाची नाही; मिळेल ते घ्यावे लागते. गावाला गायरान का लागते, हे ज्याला कळते त्याला हा नियम कळतो.

तिसरा विचार सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या एक्सएफएसचा, १९९४ सालचा. त्यात एकेक चौकट मोजणे सोडून दिले आणि सलग पट्ट्यांची भाषा सुरू झाली: 'इथून सुरू, इतक्या चौकटी'. दोनशे नोंदींच्या जागी एक नोंद. मोकळ्या जागेची तर त्याने दोन रजिस्टरे ठेवली. एक जागेच्या क्रमाने लावलेले, दुसरे लांबीच्या क्रमाने. 'या फाइलीच्या शेजारी काही मोकळे आहे का?' विचारले तर पहिले रजिस्टर उघडायचे; 'दोनशेचा पट्टा कुठे आहे?' विचारले तर दुसरे. वडिलांच्या दप्तरात सात-बारा आणि आठ-अ दोन्ही का असतात, याचे उत्तर मला तेव्हा नव्याने मिळाले. माहिती तीच असते, प्रश्न वेगळे असतात.

चौथा विचार मला सगळ्यांत आवडतो, कारण तो सबुरीचा आहे. पान येऊ लागले की लगेच चौकटी वाटून मोकळे व्हायचे, ही जुनी सवय. नवी सवय म्हणते, थांब. आलेला मजकूर थोडा वेळ स्मृतीत साठू दे. पूर्ण माप कळले की मग एकदम सलग पट्टा दे. एक्सएफएसमध्ये ही रीत होती, आणि २००८ च्या अखेरीस लिनक्समध्ये पक्क्या झालेल्या एक्स्ट-फोरमध्येही ती आहे. आमचे दोन स्कॅनर एकमेकांच्या पानांत पाचर मारत होते, त्यावरचा हा नेमका उपाय. अर्थात सबुरीलाही किंमत असते. स्मृतीत साठलेले असताना वीज गेली तर ते गेलेच. २००९ मध्ये काही लोकांना संगणक अचानक बंद पडल्यानंतर आपल्या फायली शून्य लांबीच्या झालेल्या आढळल्या, आणि मग त्या रीतीत दुरुस्त्या झाल्या. याचेच एक भावंड म्हणजे आधी जागा राखणे. माप आधीच माहीत असेल तर लिहायला सुरुवात करण्यापूर्वीच कारभाऱ्याला सांगायचे: २५ मेगाबाइट सलग राखून ठेव. लग्नाच्या पंगतीला पाटावर रुमाल टाकून ठेवतात, तसे.

तुम्ही म्हणाल, एवढे करण्यापेक्षा मागाहून तुकडे गोळा करून लावले तर? ते साधन असतेच. पण त्यातही वडिलांचा अनुभव उपयोगी पडतो. ते सांगत, एकत्रीकरण करायला गावात थोडी तरी मोकळी जमीन हवी. एकाला उठवल्याशिवाय दुसऱ्याला बसवता येत नाही. विंडोज एक्सपीमधले हे साधन नीट चालायला १५ टक्के जागा मोकळी मागत असे. जी डिस्क खरोखर तुंबली आहे, तिला उपायाची गरज जास्त आणि उपायाला जागा कमी. शिवाय चिपवर साठवणाऱ्या नव्या डिस्कला दांडा नसतो, उडीचा वेळ जवळजवळ नाही. तिच्यावर वारंवार फायली हलवणे म्हणजे तिचे आयुष्य उगाच खर्च करणे. मात्र चिपवरही तुटक फाइलीचा उतारा लांबतोच, आणि उतारा हरवला तर तुकडे जुळवण्याचे संकट तिथेही तेच.

आता आम्ही काय बदलले ते सांगतो, कारण इथे बसलेल्यांपैकी काहींच्या संस्थांतही असे काम चालू असेल. कच्चे स्कॅन वेगळ्या डिस्कवर येतात. तिथे हवी तेवढी पुसापुशी होऊ दे. पान तपासून पक्के झाले की तेवढेच मुख्य डिस्कवर एका दमात जाते, आणि तिथून काही पुसले जात नाही. मुख्य डिस्क ८५ टक्के भरली की ती बंद करून नवी घ्यायची, हे इतिवृत्तात आहे आणि या वेळी पाळलेही जाते. फेरफाराची वही ठेवणारा कारभारी निवडला. ती वही माझ्यासारख्याच्या 'हो'पासून वाचवत नाही, ओढलेल्या वायरीपासून वाचवते. म्हणून दोन प्रती, आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. रिकाम्या डिस्कवर प्रत काढताना सगळ्या फायली आपोआप सलग बसतात. प्रत काढणे हीच सगळ्यांत स्वस्त तुकडेबंदी आहे. यातले एकही काम अवघड नाही. सगळी आधी करायची असतात, एवढेच.

आणि शब्दांविषयी. आमच्याकडे काम करणाऱ्या मुलांना मी हे सारे पूर्वी इंग्रजी शब्दांत सांगत होतो. ती मान डोलवत आणि पुन्हा तेच करत. गेल्या काही वर्षांत मी सलग पट्टा, मोकळ्या जागेचा तक्ता, खातेउतारा, फेरफार, राखीव, पडीक, सबुरीचे वाटप असे बोलू लागलो. एके दिवशी एक मुलगी, शेतकऱ्याची, म्हणाली, "काका, म्हणजे आपण गायरानसुद्धा नांगरून खाल्लं होतं." मला दोन वर्षांत जे सांगता आले नव्हते ते तिने एका वाक्यात सांगितले. परिभाषा कोशात घडते तशी बांधावरही घडते. आपल्या महसुली दप्तराने जागेविषयीचे इतके नेमके शब्द करून ठेवले आहेत. ते जुने दप्तर वाचणारी माणसे आता थोडी राहिली. अकादमीने कधी ते शब्द गोळा केले तर मी माझ्या वडिलांच्या वह्या घेऊन येईन.

शेवटी त्या दुसऱ्या वहीचे काय झाले ते सांगतो. पहिले काही महिने मी त्या बाईंना तोंड दाखवले नाही. मग गेलो, आणि जे झाले ते सांगितले. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुकडे आहेत ना? मग आणा."

स्कॅन केलेली पाने आम्ही दाबून लहान न करता जशीच्या तशी ठेवली होती, म्हणून तुटलेला तुकडाही चित्र म्हणून दिसत होता. मी सगळ्या डिस्कमधून आजींच्या अक्षराचे बेवारस तुकडे शोधून काढले आणि कागदावर छापले. शाईचा रंग, वहीच्या रेघा, समासातला डाग यांवरून काही जुळत होते, पण शेकडो तुकड्यांत ते पुरेसे नव्हते. वहिनी आणि त्यांची नणंद, दोघी आमच्या ग्रंथालयात जमिनीवर ते कागद पसरून बसल्या. एक वरचा तुकडा वाचायची आणि थांबायची. दुसरी पुढची ओळ म्हणायची, आणि मग दोघी मिळून ती ओळ असलेला तुकडा शोधायच्या. माझ्या डिस्कवरची साखळी कोरी झाली होती; त्यांच्याजवळची शाबूत होती. वहीत ज्या क्रमाने ओव्या लिहिल्या होत्या त्याच क्रमाने जात्यावर म्हटल्या जात होत्या, म्हणून हे शक्य झाले.

असे आठ रविवार चालले. ८१ पैकी ५८ पाने पुरी झाली. उरलेल्या २३ पानांचे काही तुकडे सापडले, काहींवर नंतर दुसरेच काही लिहिले गेले होते. त्यातले जेवढे त्यांना पाठ होते तेवढे त्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केले. जे पाठ नव्हते ते गेले. ते माझ्यामुळे गेले, आणि हे मी जिथे जाईन तिथे सांगतो, कारण इथल्या कुणाच्या तरी कपाटात आत्ता या क्षणी अशीच एक डिस्क असेल. काठोकाठ भरलेली आणि एकच.

घरी गेल्यावर कृपया ती पाहा. किती टक्के मोकळी आहे ते पाहा. आणि दुसरी प्रत पुढच्या अनुदानावर ठेवू नका.